सव्वानऊला कॉम्प्युटर का अडकतो?

"एरवी माझा कॉम्प्युटर बरा चालतो. बाजार उघडला की मात्र अडकतो. नवीनच घेऊन टाकू का?" घरून ट्रेडिंग करणाऱ्यांकडून हा प्रश्न पुण्यात कुठेही ऐकू येतो. विचारणारे कोथरूडचे निवृत्त बँक अधिकारी असतात, तसा हिंजवडीतल्या कंपनीचे काम घरून उरकताना शेजारच्या खिडकीत चार्ट उघडून बसलेला तरुणही असतो. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते: "काका, सहा वर्षे वापरलात ना? मग पैसे वसूल झाले. बदला आता." हे उत्तर दर वेळी चुकीचे असते असे नाही. पण ते तपासणीआधीच दिलेले असते.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. पुणे स्टॉक एक्स्चेंज १९८२ साली सुरू झाले. सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावरच्या शिवलीला चेंबर्समध्ये त्याचे कार्यालय होते. शेअर घ्यायचा किंवा विकायचा तर ब्रोकरला फोन करायचा, नाहीतर त्याच्याकडे जाऊन बसायचे. १९९४मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, उपग्रहाच्या जोडणीवरून पडद्यावरचे व्यवहार सुरू केले आणि ब्रोकरच्या टेबलावर टर्मिनल आले. जानेवारी २०००मध्ये बाजाराची नियामक संस्था सेबीने इंटरनेटवरून शेअर-व्यवहारांना परवानगी दिली. मग टर्मिनल हळूहळू घरात शिरले आणि प्रादेशिक बाजारांचे काम संपत गेले. पुण्याच्या बाजारावर २०१५मध्ये अधिकृतपणे पडदा पडला. ब्रोकरच्या कार्यालयात टर्मिनल बंद पडले की ज्याच्यावर ओरडायचे असा एक माणूस तरी असायचा. घरी ते खाते आपल्याकडेच आहे.

१. एका ऑर्डरचा प्रवास

कॉम्प्युटर नेमका कुठे रेंगाळतो हे कळायला ऑर्डरचा रस्ता माहीत हवा. तुम्ही 'बाय'चे बटण दाबता. ब्राउझर ऑर्डर तयार करतो. ती वाय-फायने राउटरकडे जाते, तिथून फायबरने इंटरनेट कंपनीकडे आणि पुढे ब्रोकरच्या सर्व्हरकडे. खात्यात पुरेसे पैसे आहेत का, मार्जिन आहे का, हे ब्रोकरची यंत्रणा तपासते आणि ऑर्डर एक्स्चेंजकडे धाडते. सौदा जुळला की त्याची खबर उलट्या वाटेने येते आणि पडद्यावर उमटते.

हा वेळ मिलिसेकंदात मोजतात. एका सेकंदात हजार मिलिसेकंद. आता साधे गणित करू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई १५० किलोमीटर धरले तर जायला पाऊण मिलिसेकंद, जाऊन-येऊन दीड. केबल सरळ रेषेत टाकलेली नसते आणि वाटेत बरीच यंत्रे असतात, म्हणून चांगल्या जोडणीवर प्रत्यक्षात ५ ते २० मिलिसेकंद लागतात. भाव डोळ्यांनी पाहून बोटाने क्लिक करायला माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, तेही घ्यायचे की विकायचे हे आधीच ठरलेले असेल तर.

आता अडकलेल्या कॉम्प्युटरकडे वळा. ऑर्डरची खिडकी उघडायला ३ सेकंद लागले, म्हणजे ३,००० मिलिसेकंद. एका फेरीला २० मिलिसेकंद धरले तर तेवढ्या वेळात मुंबईच्या दीडशे फेऱ्या झाल्या असत्या. बहुतेक घरांत विलंब असा टेबलावरच होतो. ही तशी चांगली बातमी आहे, कारण मुंबईपर्यंतच्या केबलवर आपला ताबा नाही, टेबलावर आहे.

२. ज्या शर्यतीत आपण नाही

"पण मोठ्या खेळाडूंकडे तर फार वेगवान यंत्रे असतात ना?" असतात. २०१०च्या सुमारास एनएसईने कोलोकेशनची सोय दिली. ब्रोकरने भाडे भरून आपला सर्व्हर एक्स्चेंजच्याच डेटा सेंटरमध्ये, वांद्रे-कुर्ला संकुलात, ठेवायचा. तारेची लांबी काही मीटर. तिथे वेळ मायक्रोसेकंदात मोजतात आणि हजार मायक्रोसेकंद झाले की आपला एक मिलिसेकंद होतो.

एवढ्याशा वेळाला किती मोल असते ते याच सोयीवरून झालेल्या वादातून दिसले. तेव्हाच्या पद्धतीत भावांची माहिती एकामागून एक पाठवली जायची, त्यामुळे सकाळी जो सर्व्हर आधी जोडला जाई त्याला ती आधी मिळे. काही ब्रोकरांना त्याचा लाभ मिळाल्याचा आरोप झाला. २०१९मध्ये सेबीने एनएसईला सुमारे ६२५ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश बदलून, पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल, १०० कोटी रुपये भरायला लावले. सदाशिव पेठेतून कितीही महाग कॉम्प्युटर लावला तरी या मंडळींशी बरोबरी होणार नाही. शिवाय घरच्या पडद्यावर प्रत्येक सौदा दिसतोही कुठे? ब्रोकरची यंत्रणा थोड्या थोड्या वेळाने भावाची ताजी स्थिती पाठवत असते, तेवढीच आपल्याला दिसते.

मग थोड्या विलंबाने आपले किती बिघडते? समजा पडद्यावर भाव २५० रुपये आहे, तुम्ही १०० शेअरची मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकली, पण पडदा ३ सेकंद मागे होता आणि सौदा २५०.६० ला झाला. ६० रुपये गेले. दिवसाला असे ५ सौदे आणि महिन्याला २० दिवस धरले तर ६,००० रुपये होतात. दुकानदार नेमका हाच आकडा तुमच्यापुढे ठेवेल. पण भाव दर वेळी आपल्याविरुद्धच सरकत नाही, काही वेळा आपल्या बाजूनेही सरकतो. आणि लिमिट ऑर्डर, म्हणजे "याहून जास्त भाव देणार नाही" अशी ऑर्डर टाकली असेल तर फार तर सौदा हुकतो, पैसे जात नाहीत.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ जणांना तोटा झाला. यातल्या कुणाचाही तोटा कॉम्प्युटर बदलून नफ्यात गेला असता असे मला वाटत नाही. कॉम्प्युटर नीट करण्याचे कारण निराळे आहे. घेतलेला सौदा सोडवायचा आहे आणि नेमका तेव्हा पडदा गोठला, ही वेळ येऊ नये. आपल्याला हवा तो भरवसा, आणि तो पुष्कळ स्वस्तात मिळतो.

३. आधी मोजा

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर नावाची सोय असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की ती उघडते. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे चार रकाने दिसतात. कोणता भाग किती टक्के गुंतला आहे ते तिथे कळते. बाजाराच्या दिवशी तीनदा पाहा: ९ वाजून १० मिनिटांनी, ९.२० ला आणि दुपारी ३ नंतर. कागदावर आकडे लिहून ठेवा. फोनवर फोटो काढलात तरी चालेल.

डिस्क सारखी ९० ते १०० टक्के दिसत असेल तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा. मेमरी ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी. सीपीयू वर चढलेला असेल तर कोणता प्रोग्रॅम त्याला राबवतो आहे ते यादीत सर्वांत वर येते. आणि हे तिन्ही शांत असूनही भाव थांबले असतील, तर संशय इंटरनेटवर घ्यायचा. त्याच क्षणी वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर ब्रोकरचे ॲप उघडा. तिथेही भाव थिजलेले असतील तर गडबड ब्रोकरकडे किंवा एक्स्चेंजमध्ये आहे आणि घरातले काहीही बदलून उपयोग नाही.

याच टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' असा आकडा असतो. रोज रात्री कॉम्प्युटर बंद करणाऱ्यांना तिथे दहा-बारा दिवस दिसले की धक्का बसतो. विंडोजमध्ये लवकर सुरू होण्यासाठी एक युक्ती केलेली आहे: 'शट डाउन' केले तरी यंत्रणेचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. सगळे खरोखर नव्याने सुरू करायचे तर 'रीस्टार्ट' म्हणावे लागते. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट केल्याने काही जणांचे दुखणे तेवढ्यावरच थांबते, आणि याला एक पैसाही लागत नाही.

४. ओटा आणि माळा

रॅम आणि डिस्क यांतला फरक समजला की निम्मा विषय समजला. स्वयंपाकघरात ओटा असतो आणि वर माळा असतो. आत्ता लागणारे जिन्नस ओट्यावर, बाकीचे माळ्यावर. रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओटा लहान असेल तर डाळीचा डबा वर ठेवून तांदळाचा खाली काढायचा, पुन्हा तांदळाचा वर आणि डाळीचा खाली, असे शिडीवर चढणे-उतरणे सुरू होते आणि स्वयंपाक राहतो बाजूला. रॅम भरली की विंडोजही हेच करते: रॅममधला मजकूर डिस्कवर ठेवते, लागला की परत आणते.

शिडी किती उंच आहे यावर पुढचे सगळे अवलंबून. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते. लॅपटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा समोर यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. वाचणारी सुई योग्य वर्तुळावर सरकायला आणखी १० मिलिसेकंद धरा. एका वाचनाला झाले सुमारे १५. मोठा प्रोग्रॅम उघडताना डिस्कवर विखुरलेल्या शेकडो-हजारो जागा वाचाव्या लागतात. समजा २,००० वाचने: २,००० गुणिले १५ म्हणजे ३०,००० मिलिसेकंद. अर्धे मिनिट!

एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, चिप असतात. एका वाचनाला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तीच २,००० वाचने ०.२ सेकंदात होतात. प्रोसेसरलाही काम करायला वेळ लागतो, त्यामुळे प्रोग्रॅम खरोखर ०.२ सेकंदात उघडणार नाही. पण जो अडथळा अर्ध्या मिनिटाचा होता तो जाणवेनासा होतो. जुन्या कॉम्प्युटरवर करायचा एकच खर्च सांगा असे कुणी म्हटले तर माझे उत्तर डोळे मिटून एसएसडी हे असेल. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवता येते, त्यामुळे विंडोज आणि फाइली आहेत तशा राहतात. मात्र त्याआधी महत्त्वाच्या फाइली वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. दुरुस्तीवाला "काही होत नाही हो" म्हणाला तरी घ्या.

एसएसडी काठोकाठ भरली की तीही मंदावते. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा.

रॅम किती हवी? ४ जीबीवर आजची विंडोज स्वतःच दाटीवाटीने राहते. ब्राउझरमध्ये ट्रेडिंग, एक-दोन चार्ट आणि एखादी एक्सेल फाइल एवढेच काम असेल तर ८ जीबीत भागते. त्याच कॉम्प्युटरवर ऑफिसचे व्हिडिओ कॉल चालत असतील, किंवा चार्टचा स्वतंत्र प्रोग्रॅम असेल, तर १६ जीबी घ्या. त्याहून जास्त घेतली तर ती बहुतांश रिकामीच राहील. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते आणि वाढवता येत नाही, म्हणून पैसे देण्याआधी मॉडेल पाहून खात्री करून घ्यायची.

५. नऊ वाजताची गर्दी

आता मूळ प्रश्नाकडे. दिवसभर ठीक चालणारा कॉम्प्युटर बरोबर सव्वानऊलाच का अडकतो?

बाजार ९ ते ९.१५ या वेळात पूर्वतयारीच्या सत्रात असतो आणि ९.१५ ला नेहमीचे व्यवहार सुरू होतात. त्या क्षणी तुमच्या यादीतल्या सगळ्या शेअरचे भाव एकदम हलू लागतात आणि ब्राउझरला प्रत्येक आकडा नव्याने रंगवावा लागतो. हे एक कारण. दुसरे कारण जास्त घरगुती आहे: आपण कॉम्प्युटर चालूच करतो नऊ वाजून पाच-दहा मिनिटांनी. विंडोज पडद्यावर दिसली म्हणजे तिची सुरुवात संपली असे नसते. पुढची काही मिनिटे पाठीमागे कामांची रांग लागलेली असते: क्लाउडशी फाइली जुळवणे, प्रिंटरचा प्रोग्रॅम, मीटिंगचे ॲप, अँटिव्हायरसची ताजी माहिती उतरवणे. डिस्क जुनी असेल तर हे सगळे तिथेच एकमेकांना अडवतात. साडेआठलाच कॉम्प्युटर चालू करून ठेवला तर ही गर्दी बाजार उघडण्याआधी ओसरते.

रांगही कमी करता येते. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप ॲप्स'ची यादी आहे. त्यातले जे रोज लागत नाही ते बंद करा. प्रोग्रॅम काढला जात नाही, फक्त आपोआप सुरू व्हायचा थांबतो.

महिन्यातून एका बुधवारी त्रास वाढतो, असे कुणी म्हणाले तर त्याला हसू नका. मायक्रोसॉफ्ट आपल्या सुरक्षा-दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेतल्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी १० वाजता प्रसिद्ध करते. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते: उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. बहुतेकांचा कॉम्प्युटर तेव्हा बंद असतो. बुधवारी सकाळी तो उघडला की नेमके बाजाराच्या तोंडावर शेकडो एमबी उतरायला लागतात. विंडोज अपडेटच्या सेटिंगमध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स' सकाळी ८ ते संध्याकाळी ५ ठेवले तर निदान भर बाजारात कॉम्प्युटर आपणहून रीस्टार्ट होत नाही. त्या मंगळवारी रात्री झोपायच्या आधी स्वतःच अपडेट उरकून टाकणे त्याहून बरे.

अँटिव्हायरसबद्दल पुणेकरांना थोडी आपुलकी असायला हरकत नाही. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९०च्या दशकात पुण्यातच क्विक हील घडवले. २०१६पासून ती कंपनी शेअर बाजारात आहे, तेव्हा तिचाही भाव तुमच्या यादीत असू शकतो. अँटिव्हायरस कोणताही असो, तो प्रत्येक फाइल उघडताना तपासतो, म्हणून थोडा वेळ घेणारच. दोन चुका टाळायच्या. एकाच कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस ठेवायचे नाहीत. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. आणि संपूर्ण तपासणीची वेळ रविवारी लावायची, कारण ती सकाळी नऊला लागली तर जुनी डिस्क तासभर मान वर करत नाही. वेग मिळावा म्हणून अँटिव्हायरस बंद करून ट्रेडिंग करणे मात्र वेडेपणा आहे. त्या कॉम्प्युटरवर तुमचे डीमॅट आणि बँक दोन्ही आहेत.

ब्राउझर हा सर्वांत मोठा खादाड. प्रत्येक टॅब रॅमचा वेगळा हिस्सा घेते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणती टॅब किती खाते ते दिसते. बातम्यांची संकेतस्थळे त्यात पहिल्या नंबरावर असतात, कारण मजकुरापेक्षा त्यांच्यावर हलत्या जाहिराती जास्त. सोपा उपाय असा की ट्रेडिंगसाठी ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल करायचे, त्यात एकही एक्स्टेन्शन नको. कूपन शोधणारी, पीडीएफ बदलून देणारी एक्स्टेन्शन प्रत्येक पानात डोकावतात, ट्रेडिंगच्या पानातही. वेग आणि सुरक्षा या दोन्ही दृष्टींनी ती बाहेरच बरी.

चार्टवरचे इंडिकेटर हे तसेच प्रकरण. एका चार्टवर आठ इंडिकेटर आणि असे सहा चार्ट म्हणजे भाव हलला की ४८ गणिते नव्याने. त्यातल्या किती रेषांकडे पाहून तुम्ही खरोखर निर्णय घेता, हे स्वतःलाच विचारा.

"एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर दुप्पट वेगवान" करणारे प्रोग्रॅम अजिबात उतरवू नका. त्यांतले बरेचसे निरुपयोगी असतात, काही घातक असतात. आणि फोनवरून "आम्ही वेग वाढवून देतो, हे ॲप टाका आणि नंबर सांगा" म्हणणाऱ्याला कॉम्प्युटरचा ताबा देणे म्हणजे त्याला डीमॅट खात्यापुढे बसवणे.

६. एप्रिल-मे आणि धूळ

प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, त्यात पंख्याच्या जाळीत वर्षानुवर्षांची धूळ, आणि लॅपटॉप गादीवर. दुपारी दोननंतर कॉम्प्युटर मंदावतो आणि पंखा भणभणतो, ही याची खूण. वर्षातून एकदा आतून सफाई करून घ्या आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या. लॅपटॉप चार्जिंगला लावूनच वापरा. बॅटरीवर तो वीज वाचवायला हात आखडता घेतो.

७. वाय-फाय की वायर

इंटरनेट कंपनीचा माणूस म्हणतो, ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या. गरज किती आहे ते मोजू. समजा यादीत ५० शेअर आहेत, प्रत्येकाचा भाव सेकंदाला दोनदा बदलतो आणि प्रत्येक बदलाला २०० बाइट लागतात. ५० गुणिले २ गुणिले २०० म्हणजे सेकंदाला २०,००० बाइट. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे १ लाख ६० हजार बिट: ०.१६ एमबीपीएस. तुमचा ५० एमबीपीएसचा साधा प्लॅन याच्या तीनशे पट आहे. मोठा प्लॅन घरातल्यांच्या सिनेमांसाठी घ्या, ट्रेडिंगच्या नावावर नको.

ट्रेडिंगला लागते ती न तुटणारी, न अडखळणारी जोडणी. वाय-फाय तिथेच दगा देते. पेठेतल्या जुन्या वाड्यात दीड-दोन फुटांच्या भिंती, नव्या सोसायटीत काँक्रीट आणि वर-खाली-शेजारी वीस राउटर. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात बसलेला. राउटर आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्‌झ वापरा. त्याहून उत्तम म्हणजे लॅन केबल. कॅट-५-ई किंवा कॅट-६ केबल राउटरपासून टेबलापर्यंत टाकली की भिंती, शेजारी आणि मायक्रोवेव्ह हे सगळे प्रश्न एकदम मिटतात. हॉलमधून केबल नेण्याला घरातून विरोध होईल. छताच्या कडेने पट्टीत घालून नेली तर तो मावळतो.

रस्त्यावरच्या खोदाईला मात्र घरात उपाय नाही, आणि पुण्यात खोदाई कायमची. याचा फटका मोठ्यांनाही बसतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी एनएसईचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले ते दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या एकाच वेळी अस्थिर झाल्या होत्या आणि रस्त्यावरची खोदाई व बांधकाम हे कारण एनएसईने नंतर सांगितले. दोन कंपन्या घेऊनही असे होऊ शकते. घरी निदान एक दुसरी वाट हवी: ब्रॉडबँड एका कंपनीचे असेल तर मोबाइलचे सिम दुसरीचे ठेवा आणि फोनचा हॉटस्पॉट कॉम्प्युटरला एकदा जोडून पासवर्ड साठवून ठेवा. इंटरनेट गेल्यावर ही शोधाशोध नको.

८. गुरुवारची वीज

पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारी. योगायोग असा की निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शन्सची मुदत वर्षानुवर्षे गुरुवारीच संपत असे. १ सप्टेंबर २०२५पासून ती मंगळवारी गेली, पण सेन्सेक्सची गुरुवारी आली. म्हणजे फक्त माणसे बदलली, धास्ती तीच.

लॅपटॉपला बॅटरी असते, पण राउटरला नसते, आणि राउटर बंद म्हणजे लॅपटॉप चालू असून नसल्यासारखा. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो; विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत चक्कर मारली तरी सापडेल. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्टेजचा आकडा लिहून न्या. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे तगवतो. तो काम चालू ठेवायला अपुरा आहे, चालू सौदा निस्तरायला पुरेसा आहे.

अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. नेहमीची स्टॉप-लॉस ऑर्डर, म्हणजे ठरावीक भाव आला की तोटा रोखणारी ऑर्डर, एकदा पोचली की ती एक्स्चेंजच्या यंत्रणेत नोंदलेली असते. तुमचा कॉम्प्युटर बंद पडला, वीज गेली, राउटर जळाला, तरी ती तिथे उभी असते. "भाव तिथे आला की मी स्वतः विकेन" असे मनात धरून बसलेल्याचा स्टॉप-लॉस मात्र कॉम्प्युटरबरोबरच बंद पडतो. ब्रोकरचा फोनवरून ऑर्डर घेण्याचा क्रमांकही कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. कॉम्प्युटरमधल्या फाइलीत साठवलेला तो क्रमांक ऐन वेळी कामाचा नाही.

९. खर्चाचा क्रम, आणि काय घेऊ नये

आधी फुकटचे उपाय: रीस्टार्ट, स्टार्टअपची यादी, वेगळे प्रोफाइल, साडेआठला सुरुवात. मग लॅन केबल. मग एसएसडी, डिस्क जुनी असेल तर. मग रॅम, मोजल्यावर कमी निघाली तर. राउटरचा यूपीएस यांपैकी कशाच्याही आधी घेतला तरी माझी तक्रार नाही. सहा पडद्यांची मांडणी छायाचित्रात छान दिसते, पण दोन डोळ्यांना दोन पडदे पुरतात. गेमिंगचे महागडे ग्राफिक्स कार्ड चार्टच्या रेषा काढायला लागत नाही. "खास ट्रेडिंग कॉम्प्युटर" म्हणून विकले जाते त्यात बहुधा याच दोन गोष्टींचे पैसे असतात.

नवीन यंत्र घ्यायलाच हवे असे एक कारण मात्र आहे आणि त्याचा वेगाशी संबंध नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि त्या मानाने नवा प्रोसेसर लागतो. आपले यंत्र चालेल का, हे मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्रॅम सांगतो. तो नाही म्हणाला तर एसएसडी घालून पळायला लागलेला कॉम्प्युटरही फार काळ डीमॅट खात्यासाठी वापरू नये. तो नातवंडांच्या अभ्यासाला द्या किंवा विका. देण्याआधी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून टाका, ब्रोकरच्या खात्यातून 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' करा आणि विंडोजमधल्या 'रीसेट'मध्ये सगळे पुसून टाकण्याचा पर्याय निवडा.